ओहोळाच्या तोंडाशी बांधलेली साडी

मी साडी. तसं म्हणताना आता थोडा संकोच वाटतो, कारण साडी म्हणावं असं माझ्यात फारसं उरलेलं नाही. पदर फाटला, रंग उडाला, दोन्ही टोकांना सुतळीचे काच पडले. पण नेसून झालेल्या, बांधून झालेल्या आणि टाकून दिलेल्या साडीला दुसरं नाव नाही. चिंधी म्हणतात, पण ते मला अजून जिवावर येतं.

मला हे नीट सांगता येईल याची खात्री नाही. साडीनं बोलावं कशाला, असंही मनात येतं. पण त्या दिवसांत जे झालं ते अगदी समोरून पाहणाऱ्या आम्ही दोघीच होतो. दुसरी जी होती ती डोंगरात निघून गेली. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म सुरतेचा. एका दिवसात माझ्यासारख्या हजार जणी निघाल्या. पोपटी अंग, नारिंगी काठ, आणि अंगभर अशी फुलं जी कुठल्याच झाडाला येत नाहीत. तिथून भोरच्या बाजारपेठेत आले आणि आहेराच्या फेऱ्यात सापडले.

आहेराची साडी नेसायची नसते, पुढं द्यायची असते, हे तुम्हाला सांगायला नको. भोरच्या लग्नातून विंझरच्या वास्तुशांतीला गेले, तिथून मार्गासनीच्या बारशाला, मग पुन्हा भोरला. एकदा तर ज्या बाईनं मला दिलं होतं तिच्याच हातात परत पडले. तिनं ओळखलं नाही. उलट "रंग छान आहे हो" म्हणाली. मीच लाजले. चार वर्षांत दोन तालुके पालथे घातले, कधी टेम्पोतून, कधी एसटीतून, कधी कुणाच्या पिशवीच्या तळाशी. मला कुणी कधी अडवलं नाही. त्यात काही विशेष असतं हे तेव्हा कळलं नव्हतं.

शेवटी पालीच्या अलीकडे राहणाऱ्या रखमाजींच्या घरी आले. त्यांची सून शेफाली, भोरची, बी. ए. झालेली. तिच्या ओटीत मी पडले. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मळखाऊ आहे. घरात बरी." आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी घडी मोडली. एवढंसं कौतुक, पण मी तिची झाले.

शेफालीला मुलगी झाली, प्रांजल. तेव्हापासून शेफालीची झोपच गेली. मुलगी रडली तर का रडतेय, आणि गप्प राहिली तर का गप्प आहे. झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. मग आपलं आपल्यालाच हसू यायचं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा बोट. तिची सासू धोंडाबाई एकदा म्हणाली, "अगं, पोरगीय ती, दुधाचं पातेलं न्हाई. सारखं उतू जातंय का बगायला!"

दुधाचा वास मात्र माझ्या अंगात मुरला. घामाचा, दुधाचा, पोरीच्या तेलाचा. धुवून जात नसे. मला त्याचा अभिमान होता.

आता शेताचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रखमाजींचं शेत लांबट आहे. वरच्या अंगाला डोंगर. खालच्या अंगाला करंजाची दाट झाडी आणि तिच्यापलीकडे गुंजवणी नदी. डोंगरातून एक ओहोळ निघतो, वरच्या बांधाशी शेतात शिरतो, ते त्याचं तोंड, आणि शेताच्या मधोमध खाली नदीला जातो. उन्हाळ्यात त्यात पाणी नसतं, नुसते गोटे. पण डोंगरातल्या जनावरांची नदीवर उतरायची वाट तीच. सांबरं, भेकरं, डुकरं, सगळी तिथून पाण्याला जायची. ओहोळाच्या दोन्ही कडांना रखमाजी दोन-दोन तासं, म्हणजे ओळी, भुईमुगाची टोकायचे, पण ती काढायचे नाहीत. "ती रानाची," म्हणायचे. त्यांचे वडील तसं करायचे, म्हणून हेही.

पूर्वी अशा वाटा पुष्कळ होत्या. डोंगराची जनावरं जागोजागी विखरून उतरायची. एका शेतात घासभर, दुसऱ्यात घासभर. कुणाला जाणवायचंही नाही. मग डाव्या हाताला फार्महाऊस झालं, उजव्या हाताला प्लॉट पडले. सिमेंटचे खांब आणि माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी तारेची जाळी, वरपासून थेट नदीपर्यंत. तिच्यापलीकडे आणखी एक. जनावरांनी काय केलं असेल? जाळीला नाक लावून कडेकडेनं चालत आली आणि जिथं जाळी संपली तिथं आत शिरली. जाळी संपत होती ती रखमाजींच्या बांधाला.

रखमाजींचा मुलगा, म्हणजे शेफालीचा नवरा सोमनाथ, एका सकाळी उकरलेल्या भुईमुगात उभा राहून म्हणाला, "आबा, बारा वाटांचं रान आता एका वाटंनं येतंय. आन् ती वाट आपल्या ताटातनं जाती."

रखमाजी वाकून विखुरलेल्या शेंगा वेचू लागले.

तरीही त्या वर्षी शेताला साड्यांचं कुंपण बांधायचं ठरलं ते भुईमुगासाठी नाही. ते ठरलं शेफालीमुळं. आणि मला वाटतं, मीही त्यात आहे.

वैशाखातली दुपार. बांधावरच्या आंब्याला माझीच झोळी करून शेफालीनं प्रांजलला निजवलं होतं आणि ती खुरपत होती. ओहोळातून एक डुकरीण वर आली, मागे चार-पाच पिलं. झोळीपासून वीस पावलांवर थांबली. तिनं झोळीकडं पाहिलं. शेफालीनं तिच्याकडं पाहिलं. दोघींपैकी कुणीच हललं नाही. मग डुकरीण पिलांना घेऊन आली तशी खाली गेली. एवढंच झालं. पण शेफालीच्या हातातलं खुरपं पडलं ते तिनं उचललंही नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना सोमनाथनं विषय काढला. "वरच्या अंगानं साड्या बांधू. विंझरात समद्यांनी बांधल्यात."

"बांदा," रखमाजी म्हणाले. "पर ओहोळाचं तोंड मोकळं ऱ्हाऊ द्या. पान्याची वाट हाय ती."

"आवो आबा, तोंडच मोकळं ठिवलं तर बांधायचं कशाला? घराला कुलूप आन् दार उघडं, आसं झालं ते!"

सासऱ्यांच्या पुढं शेफाली सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आबा, माझी मुलगी असते तिथं."

रखमाजींनी तिच्याकडं पाहिलं, मांडीवरच्या नातीकडं पाहिलं. "मग ऱ्हायलं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी वाडीतून जुन्या साड्या गोळा झाल्या. हे काम धोंडाबाईंचं, आणि त्यात त्यांचा अधिकार मोठा. "धुतल्याली नको गं, आंगावरची दे. मानसाचा वास ऱ्हायला पायजे तिला. ट्रंकंतली नवी बांदली तर डुकरं तिच्या सावलीला निजत्याल." अठरा साड्या बांबूंना ताणल्या गेल्या. वरच्या अंगाला, अगदी ओहोळाच्या तोंडाशी, एक कमी पडली.

शेफाली घरात गेली, दुसरी नेसून आली आणि मला घेऊन आली. मी अजून तिच्या अंगानं ऊबदार होते. तिनं मला स्वतः बांधलं. तिच्या गाठी कशा असतात ते मी जाणते. एकदा मारून तिचा विश्वास बसत नाही. तीन-तीन मारल्या, ओढून पाहिल्या, चार पावलं गेली, परत येऊन पुन्हा ओढून पाहिल्या.

दुपार टळली होती. सगळे घरी गेले. खाली करंजाच्या झाडीत जाऊन कुणी पाहिलं नाही. पाहण्याचं काही कारणही नव्हतं.

झाडीत एक पाडस होतं. जन्मून आठवडासुद्धा झाला नसावा.

सांबराची मादी पिलाला झाडीत दडवते, हलू नको म्हणून बजावते आणि चरायला डोंगरात जाते. भूक लागायच्या वेळेला परत येऊन पाजते. त्या दिवशीही उजाडताना तिनं तसंच केलं होतं. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी काय करणार होते, असं मी स्वतःला समजावते. ते समजावणं पुरत नाही.

दिवस मावळताना ती आली. ओहोळातल्या गोट्यांवरून सवयीनं खाली उतरत होती, मान सैल सोडून, घरी येणाऱ्या बाईसारखी. आणि मी दिसले. ती जागच्या जागी थांबली. कान माझ्याकडं वळले, नाक वर झालं. माझ्या अंगाला येणारा तो वास, ज्याचा मला अभिमान होता, तो तिनं घेतला. तिच्या पायापर्यंत शहारा गेलेला मी पाहिला.

मी पातळ नायलॉनची. तिनं नुसती धडक दिली असती तरी टरकन फाटले असते. ते तिला कोण सांगणार? मी वाऱ्याला विनवत होते की थोडा पड. तो पडला नाही. मी फडफडत राहिले. तिनं पाय आपटला आणि मान वर करून ओरडली. "पोंक!"

घरात धोंडाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. "सांबार पोंकलं! वाघरू उतारलंय. शेफे, पोरीला आत घे!"

डोंगरकडेच्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. सांबर पोंकलं की बिबट्या जवळ आहे. बापानं लेकाला सांगितलेलं, आणि शंभरदा खरं ठरलेलं. कुणाच्या शेळ्या त्यामुळं वाचल्यात, कुणाची पोरं. या वेळी मात्र ते सांबर माझ्याकडं बघून पोंकत होतं, आणि हे ओळखायला तिथं कुणी नव्हतं.

सोमनाथनं लग्नसराईतले उरलेले सुतळी बॉम्ब काढले आणि अंगणातून एकापाठोपाठ एक उडवले. ती डोंगरात पळाली.

उजाडताना परत आली. पुन्हा थांबली, पुन्हा पोंकली. पुन्हा बॉम्ब.

"हटंना की वाघरू," सोमनाथ म्हणाला. "दोन दिस कुनी श्येताकडं जायचं न्हाई."

शेफालीनं प्रांजलला उराशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, बांधलं ते."

तिला दोष देऊ नका. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी तिच्या अंगावरची साडी. माझी बुद्धी तिच्याहून वेगळी कुठली असणार?

मग ती मादी जाळीच्या कडेनं फिरू लागली. उजवीकडच्या जाळीच्या टोकापर्यंत जायची, तिथं रस्ता आणि वाडीतली कुत्री. परत फिरायची. माझ्यासमोरून दबकत पलीकडं जायची, डावीकडच्या जाळीला छाती टेकून उभी राहायची. तिच्या खुरांनी गवतात पायवाट पडली. तिची कास ताणून भरली होती, त्यामुळं मागचे पाय फाकवून टाकत होती.

आणि खाली झाडीत ते पाडस दोन दिवस हललं नाही, ओरडलं नाही. आईनं सांगितलं होतं तसंच. फार शहाणं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेतीची लाईट आली. भुईमूग शेंगा भरत होता, पाणी देणं भाग होतं. सोमनाथ भोरला गेला होता. रखमाजी काठी घेऊन निघाले. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून, प्रांजलला सासूजवळ ठेवून, शेफालीही निघाली. मोटर नदीकाठी, करंजाच्या झाडीला लागून. मोटर सुरू करायच्या आधी तिला आवाज आला. शेळीच्या करडासारखा, पण त्याहून बारीक. तोपर्यंत त्या पाडसाचा शहाणपणा संपला होता.

मी वरून पाहत होते. शेफाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. पाडसाच्या डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. त्यानं पुन्हा एकदा आवाज काढला, आणि शेफालीच्या पोलक्याला ओल आली. बाळंतपण झालेल्या बाईला हे कळेल. दूध कुणाचं लेकरू आहे ते विचारत नाही.

तिनं पाडसाकडं पाहिलं. मग मान उचलून ओहोळाच्या वाटेनं वर, वर, माझ्यापर्यंत पाहिलं.

"आबा," ती म्हणाली, "वाघरू नव्हतंच का?"

रखमाजींनी काठी खाली टेकवली. "न्हवतं, पोरी."

ती धावत वर आली. पण स्वतःच्या गाठी तिच्या स्वतःच्या हातांना सुटेनात. नखं मोडली. दातांनी ओढल्या. शेवटी खुरप्यानं सुतळी कापून तिनं मला गोळा करून बांधावर फेकलं. मग जाळीशी जाऊन तिनं गेनूला हाक मारली. गेनू डावीकडच्या फार्महाऊसवरचा राखणदार.

"गेनूदादा, सांबर दिसलं का हो इकडं?"

"दिसलं का म्हंजी? दोन दिस जाळीच्या कडंनं येरझाऱ्या घालतंय. मला लई वाटलं वैनी, गेट उघडावं. पर सायेब पुण्यातनं मोबाईलवर बगत्यात. हितं गेट हाललं की तकडं त्यांच्या खिशात वाजतंय."

"मग वाजू द्यायचं होतं!"

"तुमी बी बांधलंयच की, वैनी," गेनू हळूच म्हणाला.

त्याचं बोलणं खरं होतं. शेफाली घराकडं वळली.

तिनं घरून शेळीचं दूध आणलं, प्रांजलची वाटी-चमचा आणला. रखमाजींनी पाडसाचं डोकं मांडीवर घेतलं. दूध ओठांवरून बाहेर येत होतं. "घे रे बाळा, थोडं घे," ती म्हणत होती, एक थेंब, अजून एक थेंब. "ती येईल आत्ता. मी सोडलंय बघ. येईल." उन्हं डोक्यावर आली तेव्हा रखमाजींनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

तिथंच, ओहोळाच्या काठाला, त्यांनी खड्डा केला.

दिवस कलल्यावर ती आली.

ओहोळाच्या तोंडाशी आता काही नव्हतं. ती बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. विश्वास बसत नव्हता. मग एक पाय पुढं, मग दुसरा, आणि मग गोट्यांवरून खडखड करत सरळ खाली. शेफाली प्रांजलला कडेवर घेऊन घराच्या कोपऱ्याशी उभी होती, रखमाजी तिच्या शेजारी.

मादी झाडीत शिरली. जिथं गवत दबलं होतं तिथं तिनं नाक लावलं. एक आवाज काढला. तो पोंकण्याचा आवाज नव्हता. तसला आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, पण तो कशासाठी होता ते कळलं. बाळा, आता हललास तरी चालेल, एवढाच त्याचा अर्थ. ती थांबली. पुन्हा आवाज काढला. पुन्हा थांबली. अंधारू लागेपर्यंत ती तिथंच उभी होती.

परत जाताना ती बांधावरून आली. मी तिच्या वाटेतच पडले होते. तिनं मला पाहिलं, हुंगलं आणि माझ्यावर पाय देऊन पुढं गेली. आता तिला माझी भीती उरली नव्हती. ती भीती दोन दिवस आधी गेली असती तर.

"आबा," शेफालीनं विचारलं, "उद्या येईल का हो ती?"

रखमाजी म्हणाले, "यील. दूध आटंस्तवर यील."

ती ओळीनं चार संध्याकाळी आली. दर वेळी दबल्या गवताशी गेली, आणि गवत रोज थोडं थोडं उभं राहत होतं. पाचव्या संध्याकाळी शेफाली कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली. सासूनं दोनदा हाक मारली, पोरगी रडायला लागली, तरी ती तिथंच होती. ओहोळात कुणी उतरलं नाही.

आता भुईमूग निघालाय. बाकीच्या साड्या सोमनाथनं गोळा करून ठेवल्यात, पुढच्या खेपेला बांधायला. ओहोळाचं तोंड मात्र मोकळं ठेवायचं असं त्यानंच ठरवलं. वडिलांना तसं सांगितलं नाही, नुसते तिथले दोन बांबू उपटून आणले. मला उचलून न्यायला धोंडाबाई एकदा आल्या होत्या, जनावरांचं अंग पुसायला होईल म्हणून. शेफाली म्हणाली, "असू द्या आत्या, तिथंच असू द्या." त्यांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला परत ठेवलं. पाऊस पडला की मी मातीत जाईन म्हणते, पण माझं सूत कुजणारं नाही. बरीच वर्षं काढावी लागतील.

तुम्ही कुंपण घालू नका असं मी सांगणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही, आणि झोळीपासून वीस पावलांवर काय उभं होतं तेही मी पाहिलंय. ज्यांच्या जाळ्या उंच आहेत आणि जे लांबून बघतात, त्यांनी कुठंतरी एक वाट सोडली असती तर माझ्यावर ही वेळ आली नसती, एवढं मनात येतं. पण ते मोबाईलवर बघणारे लोक साडीचं कुठं ऐकणार! म्हणून जे माझ्यासारख्या जुन्या साड्या बांधतात त्यांनाच सांगते. बांधा. पण शेवटची गाठ मारण्याआधी एकदा खालच्या अंगाला जाऊन या. नुसती हाक मारून परत फिरू नका. आत जे असेल ते ओ देणार नाही, त्याला तसंच बजावलेलं असतं. झाडीत शिरून, वाकून, गवत बाजूला करून बघा.